विसाव्यातले पत्ते

खिट्टी तुटली होती. तारेच्या टोकाला जो पारदर्शक चौकोनी तुकडा असतो, त्याच्या पाठीवरची नखाएवढी खिट्टी — जी खाचेत बसली की टक् असा आवाज येतो आणि मग तार ओढली तरी निघत नाही — ती कधीतरी मोडून पडली होती, आणि आता टेबलाला गुडघा लागला की तार अलगद सुटायची, पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजायचं आणि त्याला वाकून, एक हात टेबलाखाली घालून, चाचपत चाचपत ते टोक पुन्हा आत ढकलावं लागायचं. नवी तार मागितली असती तर मिळाली असती. मागायला हवी... पण मागायचं म्हणजे खालच्या मजल्यावर जायचं, भांडारातला माणूस विचारणार — कशाला हवी, किती दिवस वापरणार, दुसरं काही करून भागत नाही का? हेच प्रश्न तो स्वतः इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारत आला होता. ते आपल्याला कुणी विचारावेत एवढं बळ आज त्याच्या अंगात नव्हतं.

त्याचं कामच ते. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, आणि कोणत्या नेटवर्कवाल्याला किती पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा हे त्याचं कार्यालय ठरवायचं. अर्ज त्याच्या टेबलावर यायचे. लग्नात मेहुण्यानं — बायकोच्या धाकट्या भावानं — भर मांडवात ओरडून विचारलं होतं, "भाऊजी पत्ते वाटतात म्हणे! हुकूम कुणाला देता हो?" आणि तेव्हापासून घरीदारी तो पत्तेवाला. तेव्हा ते नाव आवडायचं. तेव्हा वाटायला पत्ते होते. माणसं अर्ज करायची, तो दोन-चार शंका काढायचा, आणि मग देऊन टाकायचा — देण्यात एक सुख असतं, हात हलका होतो आणि समोरच्याचा चेहरा उजळतो. मग पत्ते संपले. अचानक नाही, टाकीतलं पाणी संपतं तसे, आधी आवाज बदलला. नव्या धर्तीचे पत्ते होते, हवे तेवढे होते, पण जुनी यंत्रं त्यांना ओळखत नव्हती, त्यामुळे जुन्या पत्त्यांसाठी रांग लागली ती लागलीच. समुद्राकाठी घर आणि प्यायला पाणी नाही, त्यातली गत. आता कुणी नेटवर्क बंद केलं, कुणी उत्तर देईनासं झालं, की त्याचा गठ्ठा परत घ्यायचा, काही महिने कुणालाच न देता तसाच पडू द्यायचा — कार्यालयात याला विसावा म्हणत — आणि मग रांगेतल्या पहिल्याला द्यायचा. एकाला दिला की बाकीच्यांना नाही म्हणायचं. दिवसभर नाही म्हणायचं.

सकाळी बायकोनं चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं होतं, "धाकट्याला काय सांगू?"

धाकट्याची नोकरी सुटली होती. काही दिवस येऊन राहू का, असं त्यानं बहिणीला विचारलं होतं. मागची खोली रिकामीच होती. म्हणजे रिकामी नव्हती, तिथं जुना पंखा होता, खोकी होती, मुलगी परगावी गेल्यापासून तिची मोडकी खुर्ची होती.

"किती दिवस म्हणतोय? आणि दुसरी काही सोय नाही का त्याची?"

तिनं कप त्याच्यापुढं सरकवला होता. मग म्हणाली, "अर्ज करायला सांगते."

तो हसला होता. ती हसली नव्हती... आणि बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण मुद्दाम अडवलं नव्हतं, टाळलंही नव्हतं. प्रश्न आपसूक तोंडातून आले होते, खोकला येतो तसे.

आज एक गठ्ठा विसाव्यातून बाहेर यायचा होता. डोंगराकडच्या एका लहानशा नेटवर्कचा. दरवर्षी प्रत्येकानं आपलं नेटवर्क चालू आहे एवढं कळवायचं असतं. त्यांनी कळवलं नाही, स्मरणपत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून रीतसर परत घेतलेला. संध्याकाळपर्यंत तो रांगेतल्या पहिल्याच्या, म्हणजे एका बेटावर नेटवर्क चालवणाऱ्या बाईंच्या, नावे करायचा होता. आज निदान एकीला हो म्हणायचं आहे, या विचाराला धरून तो जिना चढला होता.

दुपारच्या आधी पहारेकऱ्यानं वर फोन केला : कुणीतरी डोंगराकडून आलंय, रात्रभर प्रवास करून आलंय, नाव सांगण्याऐवजी बायकोचं नाव सांगतंय.

माणूस साठीचा असेल. तळव्यांना घट्टे, खांद्यावर पिशवी, आणि बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेवरच टेकलेला. "साहेब, आम्हाला जिथून लाइन येते त्या वरच्या कंपनीचा माणूस म्हणाला, आज संध्याकाळपासून तुमची लाइन बंद. तुमचे पत्ते आता तुमचे नाहीत म्हणाला. म्हटलं, असं कसं? दवाखाना आहे तिच्यावर. शाळा आहे. अख्ख्या खोऱ्याला आम्हीच तार ओढलीय."

"तुम्हाला स्मरणपत्रं पाठवली होती. बऱ्याच वेळा."

"तिला पाठवली असतील."

"कुणाला?"

"बायकोला. सगळं तीच बघायची. ती डोकं आणि मी शिडी." तो किंचित हसला. "ती खाली बसून सांगायची, मी खांबावर चढायचो. गेल्या साली गेली. मला चढता येतं साहेब, आहे ते चालू ठेवता येतं... तिच्या मेल मी उघडल्या नाहीत."

"पासवर्ड नव्हता?"

"होता की. माझीच जन्मतारीख. कितीदा म्हटलं, अगं, असला सोपा ठेवू नये. तर म्हणायची, निदान वाढदिवस तरी लक्षात राहील तुमच्या."

उघडल्या का नाहीत, हे विचारायची गरज नव्हती.

पत्तेवाल्यानं वळून कळफलकावर बोटं चालवली. त्या गठ्ठ्यातल्या एका पत्त्याला हाक मारून बघितली. विसाव्यात असलेल्या पत्त्यावरून उत्तर यायला नको. उत्तर आलं. दुसऱ्याला मारली, आलं. कुलूप लागलेल्या घराच्या खिडकीत दिवा दिसावा, तसं... म्हणजे इतके महिने तिथं माणसं राहत होती, आपल्याला आता कुणी धरत नाही हे ठाऊकच नसलेली. आणि संध्याकाळी हेच पत्ते बेटावर दिले असते, तर एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. निरोप कधी इकडे जाणार, कधी तिकडे, आणि दवाखाना दोन्हीकडचा बंद.

तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या, "पण उद्या प्रत्येकजण म्हणेल माझ्या घरी असं झालं. नोंदलेल्या मेलवरून हरकत आली तर थांबवता येतं, समिती बघेल मग. आज संध्याकाळच्या आत. तुम्हाला हे माहीत आहे, पत्तेवाले. मला कशाला विचारता?"

खरंच, कशाला विचारलं? नियम त्यालाच तोंडपाठ होता, त्यानंच तो लिहून काढला होता. त्याला कदाचित असं हवं होतं, की बाईंनी नाही म्हणावं. मग तो परत जाऊन त्या माणसाला सांगू शकला असता — शक्य नाही. आणि घरी जाऊ शकला असता.

परत येऊन त्यानं आपली खुर्ची सरकवली, त्या माणसाला पडद्यासमोर बसवलं. "त्यांची मेल उघडावी लागेल. आत्ता, इथं."

माणसानं पडद्याकडे पाहिलं. पँटला हात पुसले. मग एका बोटानं, एकेक आकडा शोधत, त्यानं स्वतःची जन्मतारीख दाबली.

पेटी उघडली आणि न वाचलेल्या मेलची ठळक अक्षरं खालपर्यंत उतरत गेली. बहुतेक सगळ्या एकाच पत्त्यावरून. पत्तेवाल्याच्या स्वतःच्या. आदरणीय महोदया, आपल्याकडून अद्याप... महोदया, वारंवार कळवूनही... अखेरची सूचना... सवय अशी, की तो त्या वाचत नव्हता, नुसता आवाज ऐकत होता — आपला आवाज, एका मेलेल्या बाईला दर वेळी थोडा अधिक चढून विचारणारा : आपण आहात का? असाल तर कळवा. न कळवल्यास आपण नाही असं समजण्यात येईल. कुणीच उत्तर देत नाही म्हणून चिडत गेलेला माणूस. मी तेव्हा चिडलो होतो का? नाही, चिडलोही नव्हतो. मजकूर ठरलेला होता. तारीख बदलायची आणि पाठवायचं.

"ह्या सगळ्या तुमच्याच?" माणसानं विचारलं.

"हो."

"असं होय." त्यानं यादी तळापर्यंत उतरवून बघितली. "मला वाटलं होतं, तिला कुणी काही लिहिलं असेल."

पत्तेवाल्यानं नवी मेल कशी लिहायची ते दाखवलं.

"तिच्या नावानं लिहू?"

"नाही. तुमच्या नावानं. फक्त त्यांच्या पेटीतून."

माणसानं लिहिलं : मी तिचा नवरा आहे. ती आता नाही. नेटवर्क चालू आहे. मग मान वर करून म्हणाला, "अजून काय लिहू?"

"पुरे आहे."

पाठवायचा बाण दाबायच्या आधी माणसाचं बोट थबकलं. त्याच वेळी टेबलाखाली कुणाचा तरी गुडघा लागला, पडदा थिजला, आणि पत्तेवाला — चाळीशी ओलांडून कितीतरी पुढं आलेला, गुडघे कुरकुरणारा — घाईघाईनं टेबलाखाली वाकला. माणसाच्या जुन्या चपला त्याच्या नाकासमोर होत्या, अंगठ्याजवळ तारेनं शिवलेल्या. खांबावर ओढतात तीच तार. त्यानं टोक आत ढकललं आणि मेल जाईपर्यंत बोटानं तसंच दाबून धरून ठेवलं.

माणूस गेल्यावर बायकोचा फोन आला. "धाकट्याचा फोन होता. त्याची सोय झाली म्हणे."

"कुठं?"

"ते नाही सांगितलं. म्हणाला, भाऊजींना सांग, आता अडचण नाही."

"अगं, मी नाही कुठं म्हटलं होतं?"

"नाही म्हटलं नव्हतंत," ती म्हणाली. तिकडे नळ चालू असावा. पाण्याचा आवाज येत राहिला. "ठेवते."

त्यानं फोन खाली ठेवला. आता एक फोन राहिला होता. बेटावरच्या बाईंना तो करायला हवा असं काही नव्हतं. ठरलेला मजकूर आपोआप गेला असता — आपला क्रमांक कायम आहे. पण त्या दर सोमवारी फोन करायच्या, इतक्या थकलेल्या सौजन्यानं की आपल्यालाच खुर्चीत नीट बसावंसं वाटायचं, आणि मागच्या सोमवारी त्यानंच म्हटलं होतं, या आठवड्यात होईल बहुतेक. अख्खं बेट त्यांनी एकाच पत्त्यावर चालवलं होतं. शेकडो माणसं एका दारातून आत-बाहेर करणार, डॉक्टर पडद्यावर रुग्ण तपासत असताना मध्येच चित्र जाणार.

"झालं का साहेब?" त्यांनी फोन उचलताच विचारलं, आणि त्या आवाजात काहीतरी उठून उभं राहिलेलं त्याला ऐकू आलं.

"नाही. मूळ धारकाची हरकत आली. खरी आहे."

"अच्छा." मग, "पुढचा गठ्ठा कधी?"

"सांगता येत नाही."

"साहेब, एक विचारू? माझ्या अर्जात काय चुकलं असेल तर सांगा."

"काहीच चुकलं नाही. तुमचा अर्ज चोख आहे."

त्या हसल्या, अगदी बारीक. "मग अवघड आहे. चूक असती तर सुधारली असती."

"हरकत यायला मीच मदत केली," तो म्हणाला. हे सांगायची काही गरज नव्हती. "आज संध्याकाळी तुम्हाला मिळत होता. मी थांबवला."

पलीकडे समुद्राचा असेल किंवा पंख्याचा, एक संथ आवाज येत होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांच्याकडे दवाखाना आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"आमच्याकडेही आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, नेहमीसारखंच, "सोमवारी करते फोन."

कार्यालय रिकामं होत आलं. कुणीतरी दिवे मालवत गेलं, कुणीतरी त्याला चला म्हणालं. तो पायऱ्या उतरत होता आणि तोंडात ते वाक्य घोळत होतं — मी थांबवला. इतकी वर्षं त्यानं लिहिलेल्या नकारांत ‘मी’ कुठंच नव्हता. शक्य नाही, देता येत नाही, विचार करण्यात आला आहे... करणारा कुणीच नाही, पाऊस पडतो तसं सगळं आपोआप व्हायचं, आणि संध्याकाळी तो घरी जायचा तो कुणाचंही काही न केलेला, फक्त थकलेला. आजही थकलाच होता. पण आज त्या थकव्यात एक बाई बोलत होती, आणि एक माणूस कुठल्यातरी बसच्या खिडकीला डोकं टेकून परत चालला होता, समिती हो म्हणेल की नाही हे ठाऊक नसलेला.

बसथांब्यावर गर्दी होती. त्याची बस आली आणि तो चढला नाही. रांगेतून कधीकधी माणसं निघून जायची. अर्ज मागे घेतला, एवढाच शेरा त्यांच्यापुढं पडायचा आणि रांग एकानं पुढं सरकायची. त्याला ते नेहमी बरं वाटायचं, एक कमी. त्यांची गरज संपली, असं त्यानं धरलं होतं — धरलंही नव्हतं, विचारच केला नव्हता. कुठं गेली असतील ती माणसं? काय करत असतील? धाकटा कुठं झोपणार आहे आज?... एकेक करून किती चेहरे नसलेली माणसं त्याला आठवू लागली, आणि आश्चर्य असं, की त्यानं त्यांना थांबवलं नाही. पुढची बस दिसली, तीही त्यानं जाऊ दिली.