भुतांचा मळा

दामिनीने भिंतीवरची मशाल एका फटक्यात तोडली आणि पडद्यावरच्या खोलीत पुन्हा काळोख झाला.

"आप्पा, ही कोणी लावली?"

"मीच लाई," शेजारी ठेवलेल्या फोनमधून लोटनआप्पांचा आवाज आला. "दुसरं कोण येवाव शे तठे?"

ती सुरतेत होती, आप्पा तापीकाठच्या घरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर केळीच्या मळ्यात जायला बंदी आली, तेव्हा तिनेच त्यांच्या टॅबलेटवर हा ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला होता. त्यात दिवसा खणायचं, बांधायचं. अंधार पडला की भुतं उगवतात, त्यांच्यापासून जीव वाचवायचा. आप्पांनी आठवडाभरात विचारलं, भुतं आपोआप उगवतात, तर आपोआप मरत का नाहीत? मग बापलेकीने कामच सुरू केलं. उंचावर एक बंद, काळोखी खोली. जमिनीवर पाण्याचे पाट. उगवलेलं भूत पाण्याने वाहत खड्ड्याशी जायचं, खाली पडून मरायचं, आणि त्याची हाडं, बाण खालच्या पेटीत जमा व्हायचे. कोणी हात लावायचा नाही. आप्पांनी त्याला नाव दिलं होतं, भुतांचा मळा.

मळा बांधून तयार होता. पीक मात्र येत नव्हतं.

"काल पण मी काढली होती. परवा पण. एक मशाल असली तरी भुतं उगवत नाहीत. किती वेळा सांगू?"

"उगतीन ना, पोरी. केळ काय एक दिनमा निसवस का?"

दामिनी हसली नाही. तिला पेपर तपासायचे होते, कपडे वाळत घालायचे होते, आणि खरं सांगायचं तर यांतलं काहीच करायचं नव्हतं. खुर्चीत पाय वर घेऊन, खाली सोडून, पुन्हा वर घेऊन ती बसली होती.

"तुम्हाला ना आप्पा, एक साधी गोष्ट कळत नाही."

पलीकडे झोपाळ्याची कडी कुरकुरली.

"जेवनी का तू?"

"जेवले." ती जेवली नव्हती.

"आखाजीना सनले येशी ना?"

"बघते." तिच्या 'बघते'चा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. "मी बंद करते आता. मशाल परत लावू नका."

"तू जाय. मी देखस."

खेळातल्या खोलीच्या दाराबाहेर येण्याइतकाही दम तिला नव्हता. त्या काळोख्या खोलीतच उभी असताना तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा आणून ठेवला, तेव्हा आप्पा झोपाळ्यावरच होते. चहा तसाच निवून गेला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दामिनीला एका जागी बसवेना. धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून रचल्या, मग ओट्यावर जागा हवी म्हणून दुसरीकडे रचल्या. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हापुन्हा समोर येई. धाकट्या भावाने, धीरजने, सकाळीच सांगून ठेवलं होतं, ठिबकच्या मोटारी आता मोबाइलवरून चालतात, त्यासाठी टॅबलेट लागेल. आतलं सगळं पुसून संध्याकाळी मळ्यावर नेतो.

म्हणून दुपारीच तिने टॅबलेट झोपाळ्यावर ठेवला आणि समोर लॅपटॉप उघडला.

"आते काय करी ऱ्हायनी तू?" तूर निवडत बसलेल्या सिंधुबाईंनी विचारलं.

"आप्पांचं ते यंत्र एकदा चालवून बघते, आई. एकदाच. त्यांना बघायचं होतं."

टॅबलेटवर आप्पांचं जग उघडलं. त्याच्याकडे न बघताच ती आपल्या लॅपटॉपवरून आत शिरली. ज्या जागी सोडलं, त्याच जागी माणूस परत उगवतो, हा खेळाचा नियम. ती काळोखात उगवणार होती.

खोलीत उजेड होता.

मशाल तिच्या डोक्याच्या अगदी वर, भिंतीवर जळत होती. सवयीने तिच्या कपाळाला आठी पडली. ती खेळातल्या खोलीत मागे वळली, आणि तिचा हात थांबला. दारात आप्पा उभे होते. हिरव्या सदऱ्याचा तो ठोकळ्यांचा माणूस, जिथे त्यांनी शेवटचा सोडला तिथेच. हातात तलवार, पाठ तिच्याकडे, तोंड बाहेर.

"आई," तिने विचारलं, "मी काढलेली मशाल आप्पा पुन्हा का लावायचे?"

"तू गयी का ते लावेत. रोज." सिंधुबाईंनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मीबी विचारं, पोर तं गयी, आते उजेड कसाले? तं म्हणेत, गयी नही, फक्त दिसत नही. परत ऊनी म्हणजे तठेच निंघी. मांगे एक डाव अंधारामा निंघनी व्हती, एक भूत जवळच उभं. केवढी आरोळी मारी व्हती तू! फोनमाईन मलेबी ऐकू ऊनी."

"लॅपटॉप पडत होता, म्हणून ओरडले."

"हा, तू तसंच सांगं व्हतं. ते तुले काही बोलनात नही. फोन ठेवा नि हसनात. तुन्हं यंत्र चालावं, हाईबी हौस व्हती त्यास्ले. पण मशाल काही काढेत नही."

लहानपणी रोज रात्री ती आप्पांना बजावून सांगे, दिवा बंद करा, मी भीत नाही. ते बटण दाबत. रात्री केव्हाही जाग आली, तरी पडवीतला बल्ब चालू असे आणि उजेडाची पट्टी तिच्या अंथरुणापर्यंत आलेली असे. सकाळी त्यावर कोणीच काही बोलत नसे.

तिने कुऱ्हाड मशालीवर रोखली. एक फटका पुरे होता. खोली काळोखी होईल, भुतं उगवतील, पाण्यात वाहत जातील, खालच्या पेटीत हाडं खडखडतील. एवढ्यासाठीच तर ती बसली होती.

दारात गाडीच्या किल्लीचा आवाज झाला. "व्हयनं का ताई?" धीरजने विचारलं. "लई जाऊ?"

"आज नको नेऊस."

धीरजने आईकडे पाहिलं. आईने सूप खाली ठेवलं.

दामिनीने कुऱ्हाड खाली घेतली. हिरव्या सदऱ्याची ती पाठ हलत नव्हती. ती सुरतेला गेल्यापासून आप्पा घरच्या बोलीत विचारत आणि ती पुस्तकी मराठीत उत्तर देई. आता ती पडद्याजवळ वाकली.

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मले अंधारनं भेव लागस. पहिलेपासून लागस."