राखेच्या वाटेवरचा सोळा नंबर

मित्रांनो, मी एक जुना प्लग पाना आहे. पण मधली चार वर्षं मला कुणी पाना म्हणालंच नाही. 'बिया फोडायचं लोखंड' एवढीच माझी ओळख उरली होती.

मी म्हणजे वीतभर लांबीची एक पोकळ नळी. दोन्ही टोकांना सहा कोनांचं तोंड आहे, एकीकडे मोठं, एकवीस नंबरचं, आणि दुसरीकडे लहान, सोळाचं. अंगाला आरपार दोन भोकं आहेत. त्यांत आडवी दांडी घालून मला फिरवतात. माझा जन्म एका कारखान्यात झाला आणि मी एका मोटारसायकलच्या सीटखालच्या पिशवीत बसून जावा बेटावर आलो. ती गाडी वारसिनी नावाच्या बाईच्या नवऱ्याने घेतली. नवरा वस्तूंची फार काळजी घेणारा माणूस होता. दर महिन्याला तो मला बाहेर काढी, प्लग उघडून पुसे, परत बसवी आणि मलाही फडक्याने पुसून जागेवर ठेवी. त्या दिवसांत मला वाटे, जगात माझ्याइतकं मानाचं कुणी नाही.

मग तो बांधकामाच्या कामावर दूरच्या शहरात गेला. गाडी वारसिनीच्या हाती आली. ज्वालामुखी डोंगराच्या उतारावरच्या गोठ्यांमधलं दूध ती पहाटे खाली डेअरीत नेई. तिची गाडी कधी बंद पडत नसे, म्हणून माझी आठवणही कुणाला होत नसे. एके दिवशी तिच्या सासऱ्यांनी, रेसो आजोबांनी, सीटखाली दोरी शोधता शोधता मला पाहिलं. वरच्या वाडीत ते एकटेच एका गायीबरोबर राहत. त्यांनी मला हातात तोललं आणि म्हणाले, "वा, वजनदार आहे!" माझ्या लहान तोंडात त्यांनी लाकडाची मूठ ठोकून बसवली आणि मोठ्या तोंडाने ते कालवणात घालायच्या कठीण बिया फोडू लागले. दांडी कुठे गेली कुणास ठाऊक. माझं मोठं तोंड चेपलं, कडा दुमडल्या. मला फार वाईट वाटे, पण लोखंडाला बोलता येत नाही.

आणि मग डोंगर जागा झाला.

आठवडाभर तो आतून गुरगुरत होता. त्या सकाळी राख पडू लागली. उन्हं वर आली तरी उजेड करडाच होता. वाड्या रिकाम्या करा, असा भोंग्यावरून हुकूम आला. ट्रक भरून माणसं खाली गेली, पण रेसो आजोबा कुणाला बधले नाहीत. हे कळताच वारसिनी तोंडाला फडकं बांधून उलट दिशेने वर आली.

"आबा, चला. आत्ताच्या आत्ता!"

"गाय आठ दिवसांत विणार आहे, पोरी. तिला टाकून कुठे येऊ?"

"तुम्ही नाही आलात तर मीही इथेच बसते. मग लेकाला फोन करून तुम्हीच सांगा, तुझी बायको का मेली ते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग गोठ्यात जाऊन गायीचं दावं सोडलं, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि काठीने तिला उताराच्या दिशेने हाकललं. त्यानंतर त्यांनी घरात जाऊन हाताला लागेल ते लुंगीत बांधलं. त्या गाठोड्यात तंबाखू होती, मीठ होतं, रेडिओ होता आणि मी होतो.

अर्ध्या वाटेवर, ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली.

वारसिनीने किक मारली. एकदा, दहादा, वीसदा. गाडी नुसती पेट्रोलचा वास सोडत होती. ती खाली बसली. "राखेने हवेची जाळी चोंदली. नुसतं पेट्रोल जाऊन प्लग काळा झाला असणार. काढून पुसायला हवा." तिने सीट उचलली. पिशवीत एक पक्कड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. "पाना कुठाय? आबा, यात प्लगचा पाना होता!"

"मला नाही बाई माहीत पानाबिना," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, मी त्यांच्या मांडीवरच्या गाठोड्यात होतो! तिथून गाडीचा प्लग दोन हातांवर होता. मी ओरडू शकलो असतो तर डोंगराहून मोठ्याने ओरडलो असतो.

तिने पक्कड घातली. प्लग खोल खाचेत होता. पक्कड घसरली आणि तिच्या बोटांची सालटं निघाली. तिने पुन्हा घातली, ती पुन्हा घसरली. "जोर केला तर वरची चिनीमाती फुटेल," ती स्वतःशीच पुटपुटली.

तेवढ्यात शेजारचा पोनिजान गाडीवरून खाली येताना दिसला. मागे बायको, दोघांच्या मध्ये तान्हं मूल. त्याने ब्रेक लावला आणि आपला पाना काढून दिला. वारसिनीने तो घातला. तो गरागरा फिरला. "हा एकवीसचा आहे रे! माझा प्लग सोळाचा."

"मग एकजण बसा मागे. दोघं नाही मावणार."

"आबांना ने."

"हिला ने," आजोबा म्हणाले. "माझं जगून झालंय."

"आबा, बसता का गप!"

"तूच बस! मी तुझा सासरा आहे, ऐक माझं!"

डोंगराच्या पोटातून असा आवाज आला की रस्त्यावरची राख उडाली. पोनिजानची बायको रडत ओरडली, "अहो, भांडत काय बसलाय? पोराला श्वास लागलाय माझ्या!" पोनिजानने दोघांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणी हललं नाही. मान खाली घालून त्याने गाडी सोडली.

वारसिनीने पुन्हा पक्कड उचलली. ती पुन्हा घसरली. म्हाताऱ्याला राहवेना. त्यांनी गाठोडं सोडलं. "हे घे, याने ठोक पकडीवर. घट्ट बसेल."

मी तिच्या तळहातावर पडलो. तिने मला उचललं, उगारलं आणि तशीच थांबली. माझ्या चेपलेल्या तोंडाचे कोन तिने अंगठ्याने चाचपले.

"आबा... हे काय आहे?"

"बिया फोडायचं लोखंड."

"पाना आहे हा! आपला पाना!" ती हसली की रडली, मला कळलं नाही.

पण माझ्या सोळाच्या तोंडात मूठ ठोकलेली होती. तिने ती पकडीने पिळली आणि लाकूड कडेलाच तुटलं. उरलेला तुकडा आत घट्ट रुतून बसला. मग आजोबाच म्हणाले, "पोकळ आहे ना आरपार? मागून ठोक."

तिने स्क्रू ड्रायव्हर माझ्या मोठ्या तोंडातून घातला, आजोबांनी मला धोंड्यावर धरलं. दगडाचा एक घाव बसला, दुसरा त्यांच्या अंगठ्यावर. तरी त्यांनी मला सोडलं नाही. तिसऱ्या घावाला लाकूड टपकन खाली पडलं.

मग ती मला खाचेत घालू लागली. सहा कोन सहा कोनांवर बसले. चार वर्षांनी! भोकांत स्क्रू ड्रायव्हर घालून तिने दोन्ही हातांनी दाबलं. माझं अंग पिळवटलं. एक कर्र आवाज झाला आणि प्लग सुटला. आजोबांनी तो तापलेला प्लग लुंगीच्या टोकात धरला. काजळीने तो बुरशी चढल्यासारखा दिसत होता. ते पुसत राहिले, ती हवेची जाळी झटकत राहिली. मग तिने आधी बोटांनीच प्लगचे आटे बसवले, चटका सोसत, सावकाश. "घाई कर ना गं," आजोबा म्हणाले. "वाकडा बसला तर संपलंच, आबा," ती म्हणाली. शेवटची पाव फेरी माझी.

तिसऱ्या किकला गाडी धडधडली.

पूल ओलांडून पलीकडच्या चढावर पोचलो आणि मागे तापलेल्या राखेची एक भिंत ओढ्यातून धावत खाली आली. तिला फार मोठा आवाज नव्हता. आजोबांच्या पाठीवर गरम झोत आला. मागे पाहिलं तेव्हा वळण नव्हतं आणि पूलही नव्हता.

खालच्या शाळेच्या पटांगणात शेकडो माणसं होती आणि राखेने कोंडलेल्या कित्येक गाड्या. दुसऱ्या दिवसापासून मी हातोहात फिरू लागलो. कुणाला आई आणायची होती, कुणाला औषध. रेसो आजोबा सतरंजीवर बसून एकेक प्लग घासून देत. कुणी गायीबद्दल विचारलं, की ते हातातला प्लग जरा जास्त वेळ घासत. गाय सापडली नाही.

मित्रांनो, त्यांच्यावर माझा राग नाही. ज्या हातांनी माझं तोंड चेपलं, त्याच हातांनी मला धोंड्यावर धरलं होतं. पण एक विनवणी करतो. आज घरी गेलात की तुमच्या गाडीची सीट उचलून बघा. आतला पाना तुमच्या प्लगला बसतो का, ते एकदा घालून पाहा. मग त्याला पुसा आणि परत तिथेच ठेवा. ऊन असेल, वेळ असेल, कुणी घाई करत नसेल, तेव्हाच हे करा. त्या वळणावर आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.