सारिकाच्या हातांचं खापर

मित्रांनो, मला ओळखलंत का? तव्यासारखं सपाट नाही, मडक्यासारखं उभं नाही. चुलीवर पालथं बसणारं मी अमळनेरचं एक जुनं खापर! कुंभाराने मला घडवलं, भट्टीत भाजलं आणि कमलबाईंनी बाजारात टकटक वाजवून, पारखून मला घरी आणलं.

वर्षभर मी माळ्यावर पडून असतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, की सगळ्यांना माझी आठवण होते. कमलबाईंची लेक सारिका धुळ्याहून यायची. पुरण भरलेला उंडा हातांवर उलटसुलट फिरवत ती मांडा पार कोपरापर्यंत पसरायची. तो अलगद माझ्यावर पडला, की गल्ली म्हणायची, "मांडा खावा तर सारिकाच्या हातचा!" मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

पण मग सारिकाने मोबाईलवरचा एक डाएट प्लॅन घेतला. सकाळी सूप, दुपारी काकडी, रात्री परत सूप. त्या अखाजीला ती बारीक होऊन आली. काय कौतुक झालं तिचं! पुढच्या अखाजीला मात्र आधीपेक्षाही जाड होऊन आली आणि कुणाशी धड बोललीच नाही. यंदा पुन्हा तोच प्लॅन, आणखी कडक. हात म्हणजे नुसत्या काड्या!

"कितला दिन चाली हाई?" कमलबाईंनी विचारलं. "दोन घास खाई ले, पोरी."

"आई, या वेळी वजन परत वाढू देणार नाही. बघच तू!"

"पहिले बी हाईच सांगं व्हतं तू."

वर वैशाखाचं ऊन, पुढ्यात धगधगती चूल, पोटात काकडी. तरी सारिका मांडे करायला बसलीच. मांडा कोपरापर्यंत गेला आणि तिचे हात खाली झुकले. मांडा फाटून राखेत पडला. सारिका कलंडली, तिच्या धक्क्याने मीही खाली आलो. तडाक!

"खापर फुटू दे, पोरले पानी द्या!" कमलबाई ओरडल्या.

संध्याकाळी दवाखान्यात सलाईन घेऊन सारिका घरी आली. कमलबाईंनी आमरसाची वाटी पुढे केली. सारिकाने वाटीकडे पाहिलं, मग मोबाईलकडे पाहिलं.

"उद्या खाईन, आई."

कमलबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं.

आता मी अंगणात पडलोय, मला मधोमध तडा गेलाय. मित्रांनो, लाकूड घातलं नाही तर माझ्याखालची चूलसुद्धा थोडा वेळ धुमसते आणि विझते. मग माणसाचं काय? बाजारात दुसरं खापर मिळेल हो, दुसरी सारिका कुठून आणणार? तुमच्या घरात कुणी असं उपाशीपोटी हसत असेल, तर 'बारीक झालीस' म्हणून टाळ्या वाजवू नका. जवळ बसा, एक घास पुढे करा.

स्वयंपाकघरातली ती वाटी अजून झाकलेलीच आहे.