संपर्क झाला नाही

आमोदने तिसऱ्या बाकावर, इथे बसायचं नाही म्हणून, खडूने फुली मारली आणि हात तसाच ठेवून तो उन्हाकडे पाहत राहिला. वर्गाच्या खिडक्या पश्चिमेच्या. सकाळचं ऊन तिथे यायचं काही कारण नव्हतं. पण रस्त्यापलीकडे आयटी कंपनीची काचेची इमारत उभी होती. पूर्वेचं ऊन तिच्या काचांवर आदळून, थोडं फिकट होऊन, माघारी फिरल्यासारखं वर्गात येत होतं. आधी ते गजांवर आलं. मग भिंतीवरच्या नकाशावर चढलं, दीड वर्षाच्या धुळीत जरा रेंगाळलं, आणि हळूहळू बाकांवर उतरलं. जिथे फुली नव्हती तिथेही पडलं, जिथे फुली होती तिथेही. उन्हाला यादी दिलेली नव्हती.

"सर, उन्हाची हजेरी घेताय की मुलांची?"

दारात मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई उभ्या होत्या. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण आवाजातली धार मास्कने अडत नव्हती.

"झालंच, बाई."

"ऑफिसात या. तुमच्यासाठी कुणी आलंय."

ऑफिसात एक बाई खुर्चीत न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिच्यामागे एक मुलगी. मुलीचा गणवेश सहावीतला असावा. झग्याची दुमड उसवून तो लांब केलेला होता, आणि जुन्या दुमडीच्या जागी गडद निळी रेघ उमटली होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, रबर लावलेला, बटणांचा फोन होता.

"या मालनबाई इंगळे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ही रुपाली. तुमच्या वर्गातली. 'संपर्क झाला नाही', असं हिच्यापुढे तुम्ही महिन्यामागून महिने लिहिलंय. आता संपर्क स्वतःच चालत आलाय."

आमोदने मुलीकडे पाहिलं. शाळा बंद असतानाच तो नोकरीला लागला होता. त्याच्या दृष्टीने वर्ग म्हणजे नावांचा एक तक्ता होता. अडतीस मुलं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आली. पाच क्रमांक तिथे सापडले नाहीत. त्या पाच जणांना फोन करायचा, घरी जायचं, असं ठरलं होतं. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की तो दुसरं काहीतरी काम हातात घेई. उद्या करू, उद्या सकाळी करू, असं म्हणता म्हणता महिना संपे, आणि अहवालातला रकाना भरावाच लागे.

"आमाले कोनी सांगतलंच नाई, सर," मालनबाई म्हणाली. "हे माही पोरगी टावरातल्या फ्लॅटात भांडे घासाले जाते. तिथल्या मॅडमची पोरगी आज शाळेत निंगाली, तवा समजलं. हिचं नाव हाये ना?"

आमोदने टेबलावरचा अहवाल उघडला. पटावरच्या मुलांची यादी शुक्रवारीच वर गेली होती. संपर्क नसलेली मुलं 'स्थलांतरित' धरून वगळली होती.

"हिचा मामा दसऱ्याले येते. गावाकडं पाव्हणे पाहून ठेवले त्यानं." मालनबाईने आवाज खाली आणला. "हिचा बाप म्हनते, शाळा असंन त राहू दे, नाई त जाऊ दे. शाळा असंन, त हे राह्यते, सर."

रुपाली जमिनीकडे पाहत होती.

"पुरवणी यादी आज नऊ वाजायच्या आत पाठवता येते," मंदाकिनीबाईंनी कागद पुढे सरकवला. "आधी संपर्क का झाला नाही, ते लिहा. सही करा. तुमचं कारण तुमच्या अक्षरात."

आमोदने पेन उघडलं. 'मोबाइल बंद', त्याने लिहिलं. ही अक्षरं त्याच्या हाताला सवयीची होती.

मालनबाई वाकून पाहत होती. तिला वाचता येत होतं की नाही, कुणास ठाऊक. पण ती मान हलवू लागली.

"फोनच बिघडला असंन, सर. तुमी त लावतच असान. मी हिले म्हनो, शाळेचा फोन येईन, जवळ ठेव. रोज चार्ज करत होती. एक खेप लावून पाहा बरं. बिघडला असंन त समजून जाईन."

आमोदला नाही म्हणता येईना. त्याने अहवालातून पाहून एकेक आकडा दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पिशवीतला फोन मोठ्याने वाजला. रुपाली दचकली. रबर न काढताच, पिशवीवरूनच तिने बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार सर," ती म्हणाली. समोरून आणि आमोदच्या कानात, किंचित उशिराने, तोच आवाज आला. "मी रुपाली महिपती इंगळे. सातवी ब."

पाठ केलेलं वाक्य होतं. मध्ये एक वर्ष निघून गेलं होतं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"आठवी," ती पुटपुटली.

"लागते त!" मालनबाईचा चेहरा खुलला. मग तिने आमोदकडे पाहिलं. "मंग इतके दिवस काहून लागत नव्हता, सर?"

मंदाकिनीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

आमोदने फोन खाली ठेवला. रुपालीने मात्र ठेवला नव्हता. सर अजून काही बोलतील म्हणून ती फोन कानाशी धरून उभी होती. त्याने 'मोबाइल बंद' यावर आडवी रेघ मारली. खाली नवी ओळ लिहिली, सही केली, आणि कागद मंदाकिनीबाईंकडे दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि शिक्का उचलला.

"जा गं, वर्गात बस," त्या म्हणाल्या. "तिसरं बाक. फुली असली तरी बस."

पोरगी गेली. अहवाल टेबलावर उघडाच होता. रुपालीच्या नावाखाली आणखी चार नावं होती, चार क्रमांक होते, आणि चौघांपुढे त्याच्याच सुबक अक्षरात तोच 'संपर्क झाला नाही'चा शेरा होता.

या पाचांपैकी कुणालाही, आजची सकाळ सोडली तर, त्याने एकदाही फोन केला नव्हता.