चालू गाडीला चावी

हॉस्पिटलच्या चढावर व्हॅन बंद पडली आणि मागे नेमकी रुग्णवाहिका उभी, म्हणजे त्या सकाळी नशिबाने काही कसर ठेवली नव्हती. तिने चावी मारली. गाडी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. मागून भोंगा कोकलत होता, फाटकावरचा पहारेकरी हातवारे करत होता, आणि शेजारच्या सीटवर तिचे वडील, आप्पा, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. त्यांच्या त्या निवांतपणाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

राग तसा तिच्या नाकावरच असायचा. लाँड्रीतल्या बायका पाठीमागे तिला मिरची म्हणायच्या, आणि तिला ते माहीत होतं. पण त्या दिवशी ज्या बाईवर डाफरायला हवं होतं तिच्यावर डाफरणं परवडणारं नव्हतं. हॉस्पिटलच्या चादरींवरच तिची लाँड्री चालत होती. चादरी उतरवून घेणाऱ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा तुमची गाडी फाटकात अडकली तर मला दुसरी लाँड्री बघावी लागेल." इतक्या हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडण तरी कसं करणार?

म्हणून ती भांडायला गॅरेजात गेली.

व्हॅन जुनी होती, कबूल. पण पळताना तिची काही तक्रार नव्हती. उभी केली की मात्र हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, मिसिंग मारायची, म्हणजे मधले ठोके चुकवायची, आणि मनात आलं की बंद पडायची. मिस्त्रीने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, हवेची चिरलेली नळी काढून नवी बसवली. प्रत्येक वेळी त्याच्या गॅरेजात इंजिन असं चालायचं की वर ठेवलेल्या पेल्यातला चहा हलू नये. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

"मला उल्लू समजता का तुम्ही?" चार गिऱ्हाइकांसमोर तिने सुरुवात केली. "इथून नीट जाते आणि सकाळी बिघडते. मी परत यावं म्हणून मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवता. याला चोरी म्हणतात."

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. "ताई, मी आप्पांच्या हाताखाली शिकलोय. एकदा चालू गाडीला चावी मारली मी. स्टार्टर असा किंचाळला की रस्त्यावरचे लोक थांबले. आप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या कानफटात दिली. म्हणाले, इंजिन चालू आहे की बंद हे ज्याला ऐकू येत नाही त्याने किराणा विकावा. त्या माणसाच्या मुलीला मी फसवेन?"

"मग भूत येतं का गाडीत?"

त्याने बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटरवरच्या एका छोट्या स्क्रूकडे बोट दाखवलं. गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने चालावं ते त्या स्क्रूवर ठरतं. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता, खालच्या पत्र्यावर दुसरा.

"बायकोचं नेलपॉलिश आहे. मागच्या वेळी मीच लावलं. दोन्ही ठिपके समोरासमोर होते, आता बघा कुठे गेलेत. हा आपोआप फिरत नाही. घरी कोणीतरी फिरवतंय."

"घरी कोण फिरवणार? माझ्या नवऱ्याला बॉनेट कुठून उघडतात तेही माहीत नाही. आप्पांशिवाय कोणी..."

ती थांबली. मिस्त्री खाली बघून हात पुसत होता, आणि ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसत्या कानाने इंजिनाचा आजार सांगणारा माणूस, ज्याच्याकडे दुसऱ्या गॅरेजवाले आपल्या गाड्या घेऊन यायचे, तो स्वतःच्या घरची गाडी बिघडवेल? ज्याने पाना धरायला शिकवलं त्याच्यावरच हा आळ घेतोय. तिने त्याला आणखी चार शब्द सुनावले, त्यातले दोन त्याच्या आईपर्यंत गेले, आणि तो स्क्रू पुन्हा जागेवर आणेपर्यंत ती रस्त्यावर पाठ फिरवून उभी राहिली.

सकाळी गाडी सुरू करून गरम करायची हे आप्पांचं काम होतं. गॅरेज सोडल्यापासून तेवढंच त्यांनी हौसेने धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गठ्ठे बांधायचे सोडून लाँड्रीच्या मागच्या दाराशी उभी राहिली. मिस्त्रीला खोटं पाडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आप्पांनी चावी मारली. इंजिन लागलं, अगदी एका सुरात. ते खाली उतरले, बॉनेट उघडलं, इंजिनावर तळवा टेकवला. वर्षानुवर्षं तापलेलं लोखंड धरून ते तळवे बधीर झालेले होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते परत आत जाऊन बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर किंचाळला. शेजारचं कुत्रं उठून पळालं. आप्पांनी मान हलवली आणि पुन्हा चावी फिरवली.

मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, वाकून तो स्क्रू फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि सगळी गाडी धडधडायला लागली तेव्हा तळवा टेकवून समाधानाने हसले.

"आप्पा," ती म्हणाली. मग मोठ्याने, मग अंगणभर ऐकू जाईल असं. ते वळले नाहीत. ती तरातरा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा दचकले.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "ओरडू नकोस. येतं मला ऐकू."

"मग मी दारातून काय म्हणाले ते सांगा."

आप्पांनी जुन्या सवयीने स्क्रूड्रायव्हर पँटच्या मांडीला पुसला. तो स्वच्छच होता.

"काल मागे रुग्णवाहिका ओरडत होती, आप्पा. आत कोणीतरी मरायला टेकलं असेल. माझं काम जायची वेळ आलीय. आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या पायावर धोंडा मारताय."

"मी बिघडवत नव्हतो," आप्पाही चिडले. "बंद पडत होती ती. हाताला धडधड लागली की कळायचं, चाललीय."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझा कान गेला म्हणून सांगू? दुसरं होतं काय माझ्याजवळ?"

तिच्या तोंडात अजून पुष्कळ शब्द होते. तिने ते तसेच ठेवले आणि त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला. दातओठ खात तिने स्क्रू फिरवला, ठिपक्यासमोर ठिपका आणला. धडधड थांबली, इंजिन पुन्हा एका सुरात चालू लागलं.

"बघ," आप्पा म्हणाले, "बंद पडली."

"चालू आहे."

त्यांनी तळवा टेकवला. आधी एक, मग दोन्ही. "चालू आहे?"

"चालू आहे, आप्पा."

वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा तिला ओळखू येईना.

"म्हणजे मघाशी मी चालू गाडीला चावी मारली?"

नाही म्हणता आलं असतं. पण राग अजून उतरला नव्हता, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची तिला सवयही नव्हती. "हो. दोनदा."

आप्पांनी हळूच बॉनेट लावलं. तिने गठ्ठे भरले, दार आपटलं, आणि ते शेजारी येऊन बसले तरी ती त्यांच्याकडे बघेना.

"मिस्त्रीला काही बोललीस का तू?"

तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून. "चोर म्हणाले मी त्याला. चार लोकांत."

फाटक आलं. ती चढावर थांबली आणि व्हॅन जागच्या जागी नीट चालत राहिली. आप्पांच्या लेखी ती बंदच होती.

"चादरी उतरवल्या की मला गॅरेजात ने," ते म्हणाले.

"मीच जाणार आहे. माफी मला मागायचीय."

"तू तुझी माग. मला त्याच्यापुढे गाल करायचाय. एक कानफटात देणं लागतो तो माझं."