आगीविना तापलेली तवली

मी एक जुनी तवली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी तवली पाहिलीही नसेल. कालवण शिजवायच्या मातीच्या पसरट भांड्याला आमच्याकडे तवली म्हणतात. माझं तोंड रुंद आहे, पोट उथळ आहे आणि बूड धुराने काळंभोर झालं आहे. चारकोपच्या जुन्या गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, तेरेसामायच्या स्वयंपाकघरात मी राहते. माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की तिचा उलगडा मला अजून झालेला नाही. मी मातीची आहे, मला खोटं रचता येत नाही. जे झालं तेच सांगते.

वसईकडच्या एका कुंभाराने मला घडवलं. चाकावर मला घेरी आली, भट्टीत जीव नकोसा झाला, पण त्या भट्टीनेच मला खणखणीत आवाज दिला. पुढे मी वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत विकायला आले. तिथे एक नवी नवरी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने बोटाने मला वाजवून पाहिलं.

"हिला चीर नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "हीच घेऊ."

"एवढी मोठी? हिच्यात घालायला मासळी कोण आणणार?" नवरा हसत म्हणाला.

"तूच."

ती तेरेसा आणि तो सेबॅस्टियन. सेबॅस्टियनने खरोखरच जन्मभर खाडीवरून कोलंबी आणली, बोईट मासे आणले, आणि तेरेसाने ते माझ्यात शिजवले. तिचा हात मी अजून ओळखीन. पळी कधी खरवडायची नाही. गोल, संथ फिरवायची, आणि शेवटी माझ्या काठावर दोनदा हलकेच आपटायची. टक, टक. ती दोन टकटक ऐकली की घरातली माणसं हात धुवायला उठत. सणाला गल्लीतले लोक म्हणत, तेरेसाच्या हाताला चव आहे. ती म्हणे, माझ्या हाताला कसली, तवलीला आहे. त्या वेळी मला माझ्या काळ्या बुडाचाही अभिमान वाटे.

वर्षं गेली. सेबॅस्टियन वारला. मुलगा रॉनी गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटच्या कामाला लागला. त्याची बायको एव्हलिन अंधेरीला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात जाई. सगळे तेरेसाला माय म्हणत. माय सत्तरी ओलांडेपर्यंत स्वयंपाक करत होती. मग एका सकाळी ती ओट्याशीच खाली कोसळली. अर्धांगवायूचा झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताची आशा धरू नका.

एव्हलिनने सुरुवातीला धडपड केली. पहाटे उठून भात-आमटी करायची, संध्याकाळी येऊन पुन्हा करायची. पण ती घरी पोचायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असत. रॉनीच्या शिफ्टला धरबंद नव्हता. मग फोनवरून जेवण यायला लागलं. मित्रांनो, मी सोयीला नावं ठेवणार नाही. दमल्या माणसाच्या दारात कोणी गरम डबा आणून देत असेल तर त्यात वाईट काय? सुरुवातीला सवलती मिळत, म्हणून स्वस्तही पडे. पुढे सवलती गेल्या आणि सवय राहिली. रॉनी जेवल्यावर छातीवर मूठ दाबून बसू लागला. एव्हलिनला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. आणि माय तो तिखट, तेलकट भात जिभेने बाहेर ढकलू लागली.

माझं म्हणाल तर मला झाकण घालून वरच्या फळीवर ठेवलं होतं. माझ्यावर धूळ बसली. खाली शेगडी थंड असे. फळीवरून समोरच्या खोलीतला मायचा पलंग अर्धा दिसे. तिचं तोंड दिसत नसे. चादरीवर पडलेला तिचा उजवा हात मात्र दिसे.

एका संध्याकाळी चर्चची घंटा झाली आणि माझ्या बुडाला ऊब लागली.

आधी वाटलं, भिंत तापली असेल. पण भिंत गार होती. शेगडी बंद होती. ऊब वाढत गेली. माझ्या रिकाम्या पोटात काहीतरी खदखदल्यासारखं झालं. लसूण, चिंच, मायचा बाटलीतला मसाला, कोलंबी यांचा वास झाकणाखालून बाहेर पडू लागला. आत काही नव्हतं, मित्रांनो. आत धूळ होती. आणि मग माझ्या काठावर काहीतरी दोनदा वाजलं. टक, टक.

मी समोर पाहिलं. चादरीवरचा तो मेलेला हात संथपणे गोल फिरत होता.

त्या संध्याकाळी एव्हलिन पार्सलची पिशवी घेऊन गल्लीत शिरली, तर शेजारची जॅकलिन दारात उभी होती. त्यांचं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं.

"बरं झालं गं, पुन्हा घरी करायला लागलीस. कोलंबीचं कालवण ना? वास भिंतीतून येतोय."

"मी आत्ता येतेय, जॅकलिन. हे बघ, पार्सल आहे हातात."

"मग वनमालाने केलं असेल."

वनमाला म्हणजे दिवसभर मायजवळ बसणारी बाई. ती दारातच चप्पल घालत होती. "मी पेशंटचं करते, जेवण नाही करत," ती म्हणाली. "मला वाटलं वास तुमच्याच घरून येतोय, जॅकलिनताई."



दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रॉनीने गॅसवाल्याला बोलावून नळी तपासून घेतली, मोरी साफ करून घेतली, फळ्या पुसल्या. एका सुट्टीच्या दिवशी तो घंटेच्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला. वास आला. तो ओणवा होऊन शेगडी हुंगू लागला, कपाट हुंगू लागला. शेवटी माझ्याजवळ आला. त्याने मला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"एव्हलिन," तो हळूच म्हणाला, "इकडे ये जरा."

एव्हलिनने माझं झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब लोंबत होते. त्यातला एक तिच्या मनगटावर पडला. तिने तो पुसला नाही, नुसती बघत राहिली.

"रॉनी, ही तवली मला घरात नको."

"मायची आहे यार ती."

"मायची आहे म्हणून फोडत नाहीये. पण घरात नको. वनमाला कालच म्हणाली, हे असंच चाललं तर ती यायची बंद होईल. मग मायला कोण बघणार? तू?"

रॉनीने मला उचललं आणि मागच्या दारी, शेवग्याखालच्या दगडावर आदळल्यासारखं ठेवलं. त्याला घाई होती. माझ्या काठाला एक बारीक चीर गेली. जत्रेत ज्या आवाजावर मायने मला निवडलं होतं तो आवाज त्या क्षणी गेला.

बाहेर पानं पडत, माझ्यावर मुंग्या फिरत. पहिल्या संध्याकाळी घंटा झाली तेव्हा माझ्या पोटात गल्लीतली मांजर झोपली होती. मला ऊब लागली. मांजराने डोळे उघडले, पाठ फुगवली आणि ते जे पळालं ते पुन्हा माझ्याकडे फिरकलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी ऊब आली, पण फार क्षीण. तिसऱ्या संध्याकाळी घंटा झाली, अंधारून आलं, आणि मी थंडच राहिले. मित्रांनो, त्या उबेला मी घाबरत होते. पण तो थंडपणा त्याहून भयंकर होता. आगीशिवाय तापणं मला कळत नव्हतं, पण चूल विझत चालल्याची खूण मला पक्की कळते.

त्याच संध्याकाळी मागचं दार उघडलं. एव्हलिन बाहेर आली, तिच्यामागे रॉनी.

"आत चल गं, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना," रॉनी म्हणत होता. "तीन दिवस मायने काही गिळलेलं नाही. उद्यापर्यंतही तोंडाने काही गेलं नाही तर अ‍ॅडमिट करून नाकात नळी घालायची. तू इथे काय शोधतेस?"

"तू मायचा हात बघितलास?"

"कुठला हात?"

"उजवा. रोज घंटेच्या वेळी फिरायचा. असा, गोल. मी चारदा बघितला आणि तुला सांगितलं नाही, मला वाटलं मलाच वेड लागलं. तवली बाहेर ठेवली त्या दिवशी तो चादरीवर चाचपडत होता. काल नुसती बोटं हलली. आज हललाच नाही."

"तो हात मेलाय, एव्हलिन. डॉक्टरने सांगितलंय."

"मग फिरत होता तो कोणाचा होता?"

एव्हलिनने मला उचललं, ओढणीने मुंग्या झटकल्या. चिरेवरून तिचं बोट फिरलं.

"ती रोज स्वयंपाक करत होती, रॉनी. आपण करत नाही म्हणून."

"मग आता काय, तू नोकरी सोडणार?"

"मी का सोडू? आई तुझी आहे. स्टुडिओत एवढे दिवे लावतोस, घरातली एक शेगडी लागत नाही तुला?"

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. त्यामुळेच बहुधा त्याला लागलं.

मग मी एक असं दृश्य पाहिलं जे इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. रॉनी शेगडीसमोर उभा होता. चाकांच्या खुर्चीत बसवून मायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणलं होतं. तिचे गाल आत गेले होते आणि डोळे मिटलेले होते. जॅकलिनने तिच्या फ्रीजमधली मूठभर सोललेली कोलंबी दिली होती. रॉनीने काडी ओढली. ज्योत माझ्या बुडाला लागली आणि मला पहिल्यांदा फरक कळला. खरी आग खरबरीत असते, ती बोचते. ती दुसरी ऊब तळहातासारखी होती.

"माय, किती तेल?" रॉनीने विचारलं.

मायने डोळे उघडले.

तिला बोलता येत नव्हतं, पण डावं बोट उचलता येत होतं. बोट वर म्हणजे पुरे. डोळे मिटले म्हणजे नको. त्याने मसाल्याचा चमचा भरला, तिने डोळे घट्ट मिटले. त्याने अर्धा केला, पुन्हा मिटले. त्याने चिमूट घेतली, बोट वर गेलं. पाणी त्याने जास्तच ओतलं. लसूण करपली. ढवळताना त्याने मला एवढं खरवडलं की माझी चीर ठणकली. पण मी तापत राहिले आणि माझ्या पोटात या वेळी खरंखुरं काहीतरी शिजत होतं. मायचा उजवा हात मांडीवर पडून होता. मी त्याच्यावर नजर ठेवून होते. तो हलला नाही.

जॅकलिन दारात येऊन म्हणाली, "आज वास वेगळाच येतोय गं. जरा करपलाय."

"आज मी केलंय," रॉनी म्हणाला.

"तेच. रोज करते तिचा हात बरा आहे."

एव्हलिनने मऊ भात कुस्करून त्यावर ते पातळ कालवण घातलं आणि पहिला घास मायच्या ओठांना लावला. माय बराच वेळ तोंडात धरून बसली. रॉनी तिच्या गळ्याकडे बघत होता. मग तो गळा हलला. दुसरा घास तिने स्वतः तोंड उघडून मागितला. रॉनी तोंड फिरवून नळाखाली पळी धूत राहिला. पळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

नळी घालावी लागली नाही.

त्या दिवसापासून ती ऊब पुन्हा आली नाही. मात्र घरात रोज पंचपक्वान्नं शिजू लागली असं समजू नका. रॉनीची सकाळची शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळी तो करतो. एव्हलिन सुट्टीच्या दिवशी आमटी, उसळी करून फ्रीजमध्ये ठेवते. वनमालाही नाही म्हणता म्हणता कुकर लावून जाते, त्याबद्दल तिला वेगळे पैसे देतात. दोघेही दमले असतील त्या दिवशी सरळ पार्सल येतं आणि त्याची कोणी लाज बाळगत नाही. रॉनीची छातीवरची मूठ सुटली आहे. एव्हलिनची गोळी चालू आहे, पण लहान झाली आहे.

परवाच्या शनिवारी त्या दोघांनी नाक्यावरून नूडल्सचा डबा आणला होता. मायसाठी माझ्यात पेज होती. मायने पेजेकडे पाहून डोळे मिटले आणि डावं बोट नूडल्सच्या डब्याकडे केलं.

"माय, ते तिखट आहे," रॉनी म्हणाला.

बोट तिथेच राहिलं. शेवटी एव्हलिनने दोन-चार धागे धुऊन, बारीक करून तिला भरवले. मायने ते चवीने खाल्ले आणि बोट पुन्हा उचललं. मी पेज घेऊन तशीच बसले. मला जरा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण जन्मभर दुसऱ्यांसाठी शिजवणाऱ्या बाईला एकदा दुसऱ्या कोणी शिजवलेलं खावंसं वाटलं तर त्यात तवलीने का रुसावं?

आता मी फार टिकणार नाही. चिरेमुळे मला मंद आचेवरच ठेवतात, रॉनी मला दोन्ही हातांनी धरतो आणि आता खरवडत नाही. एक दिवस मी उकलेन आणि माझी पुन्हा माती होईल. त्याचं मला भय नाही. भय आहे ते शेवग्याखालच्या त्या तीन संध्याकाळींचं.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. बाहेर जरूर खा, मजेत खा, दमलात तर मागवून खा. मातीच्या भांड्यांना जपून हाताळा. आणि तुमच्या घरात कोणी असं असेल की ज्याला मागता येत नाही, उठता येत नाही, तर त्याच्यासाठी रोज थोडं काहीतरी साधं शिजवा. कोणीही शिजवा, करपलं तरी चालेल. नाहीतर संध्याकाळची घंटा झाली की ते माणूस अंथरुणात देह ठेवून स्वतःच चुलीशी येऊन उभं राहतं.