शेजारचा ब्रेक

मुलाने फोनवर हुकूमच सोडला होता. मोठा रस्ता सोडायचा नाही, संध्याकाळच्या आत त्याच्या घरी पोचायचं, आणि पोचल्यावर गाडी विकून टाकायची. बाबांचे डोळे गेले, आता आईने या वयात गाडी हाकणं म्हणजे लोकांना हसायला निमित्त. मास्तरीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पहिलाच फाटा लागताच गाडी आडवाटेला घातली. आधी नवऱ्यासह मैत्रिणीकडे जेवल्या, मग निघाल्या पान्हा मिस्त्रीच्या गॅरेजकडे.

मास्तरांनी हयातभर लोकांना गाडी शिकवली. बायकोला मात्र साठी उलटल्यावर, तीही डोळ्यांनी दगा दिला म्हणून. गाडी शिकवणीचीच, शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असलेली. मास्तरांना आता धूसर दिसायचं, पण पायातली मास्तरकी जात नव्हती. सावली हलली की दाब ब्रेक. आजही तळ्याकाठच्या वळणावर त्यांनी असाच दाबला आणि मागचा ट्रक थोडक्यात आदळायचा राहिला. ट्रकवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली, ती अर्थातच बाईंना. करायचं एकाने आणि ऐकून घ्यायचं दुसऱ्याने, हे संसारात खपलं होतं. रस्त्यावर खपणार नव्हतं.

पान्हा म्हणजे मास्तरांचा लंगोटीयार. त्याने खिडकीतूनच मित्राला मिठी मारली, वहिनी गाडी चालवत आल्या म्हणून तोंडभर कौतुक केलं. बाईंनी ते अर्ध्यात तोडलं.

"भावोजी, शेजारचा ब्रेक काढून टाका."

पान्हा मास्तरांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघता? गाडी मी चालवते."

"उद्या ठोकलीस म्हणजे?" मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले.

"तर मी ठोकली, असं म्हणा. पण थांबायचं कधी, ते माझं मी ठरवणार."

बोलल्या खऱ्या, पण त्यांना ठाऊक होतं. मास्तरांपाशी मास्तर म्हणून तेवढा ब्रेकच उरला होता. तरी शब्द मागे घेतला नाही. मास्तर बराच वेळ बुटाने पेडल चाचपत राहिले, मग दार धरून खाली उतरले.

"काढ रे," ते पान्ह्याला म्हणाले. "नट गंजलाय, जपून."

परतीच्या तिठ्याजवळ मुलाचा फोन आला. कुठे भरकटलात, गिऱ्हाईक येऊन बसलंय, तो चिडून विचारत होता.

"आईला विचार," मास्तर म्हणाले. "गाडी तिची आहे."

"त्याला चहा पाज आणि घरी पाठव," बाई मोठ्याने म्हणाल्या. "विकायची नाही."

तेवढ्यात एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांचा पाय रिकाम्या पत्र्यावर आपटला. गाडी थांबली, अलगद. बाईंनी थांबवली.

"गेला?" मास्तरांनी विचारलं.

"गेला."

मास्तरांनी पाय मागे ओढून घेतला. "मग थांबलीस कशाला? चल."

बाईंनी गिअर टाकला आणि मुलाच्या घराचा रस्ता डावीकडे सोडून गाडी सरळ पुढे काढली.